अर्ज करण्यास कारण की

मंगळवार, निघायच्या आधी

"अर्ज करण्यास कारण की" इथपर्यंत पेन सरळ चाललं, पुढे अडलं.

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी आधीच सल्ला दिला होता, "ताप लिहा, नाहीतर जवळच्या नात्यातलं लग्न लिहा. लग्नाला कोणी काही विचारत नाही." नवऱ्याचंही मत तेच. पण लेक शेजारी उभी राहून वाचत होती. चौथीतल्या पोरीच्या देखत तिच्याच नावाचा खोटा ताप काढायला हात धजेना. शेवटी लिहिलं, "बुधवार ते शनिवार मुलीला घेऊन माझ्या माहेरी, खानदेशात जात आहे." वर्गशिक्षिकांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं. "माहेरी मे महिन्यात जायचं असतं ना?"

त्यांना काय सांगणार? आमच्याकडे मे महिन्यात जाता येतं, बाहेर पडता येत नाही. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी बारा ते पाच अख्खं गाव दारं लावून पडून राहतं. माझ्या लेकीने नऊ वर्षांत माझं माहेर पाहिलंय ते एवढंच: कूलरची घरघर, ओला पंचा, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेळ साधली तर झोका. दिवाळीच्या सुट्टीत जावं तर कापसाची वेचणी ऐन भरात असते, कोणाला मान वर करायला फुरसत नाही. खानदेश खरा पाहावा तो थंडीत. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटऱ्यात येते, भरताची वांगी चढाओढीने लागतात, सकाळी शेकोटीपासून उठवत नाही. आणि नेमके हेच दिवस शाळेने घेतलेले.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. तिकडे दहा शालेय आठवड्यांत पाच दिवसांइतकी विनापरवानगी गैरहजेरी झाली की पालकांच्या नावे दंड निघू शकतो. ऑगस्ट २०२४ पासून एका मुलामागे एका पालकाला ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. आई आणि बाप दोघांना वेगळा. एक बाप मुलीला भर सत्रात फ्लोरिडाला घेऊन गेला आणि दंड भरायचा नाही म्हणून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला. २०१७ साली हरला. तिकडे लोक हे करतात कारण सुट्टी लागली की विमानाची तिकिटं आकाशाला भिडतात. आमचं कारण पौंडांचं नाही, पाऱ्याचं.

नवऱ्याने कागदावर हिशेब मांडला. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस धरलेत; चार दिवस म्हणजे दोन टक्के. "एवढ्याने काही बुडत नाही," तो म्हणाला. स्वतः मात्र रजा नाही म्हणून आला नाही.

बुधवार: चाळीसगाव, पाटणादेवी

महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्री पुणं सोडलं. दौंड, नगर, मनमाड झोपेत गेली. चाळीसगावला उतरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि तोंडातून वाफा निघत होत्या. लेकीला ही वाफ फार आवडली. फलाटावर दहा मिनिटं ती इंजिन झाली होती. दादा माकडटोपी घालून गाडीपाशी उभा. सोबत त्याचा मुलगा, माझा भाचा. तोही चौथीत. "तुझी शाळा?" मी विचारलं. "फक्त आजचा दिवस," दादाने परस्पर उत्तर दिलं. म्हणजे बुडवणारी मी एकटीच नव्हते, पण एक दिवस आणि चार दिवस यांतला फरक त्याने सुरुवातीलाच आखून ठेवला.

चाळीसगावपासून पाटणादेवी अठराएक किलोमीटर. सातमाळ्याचा डोंगर समोर येतो आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल सुरू होतं. जानेवारीत धबधबे आटलेले असतात, पण सावली आणि शांतता दोन्ही भरपूर. पायऱ्या चढून चंडिकेचं दगडी देऊळ. दर्शन झालं, पोरं माकडांच्या मागे आणि माकडं आमच्या पिशवीच्या मागे.

मला इथे यायचं होतं ते देवीइतकंच एका शाळेसाठी. इथे सापडलेला शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि त्या मठाला काय काय उत्पन्न लावून दिलं गेलं ते दगडावर कोरलंय. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: "इयां पाटणीं जें केणें उघटे". या पाटणात जो माल विकायला निघेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, असा त्याचा रोख. भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव नेमकं कोणतं यावर विद्वान अजून भांडतात, भांडोत. नातवाची शाळा इथली, आणि बाजाराच्या करावर चालणारी, एवढं दगडाने सांगून ठेवलंय.

दादा बारावीपर्यंतच शिकला, पण त्याला आमच्या आजोबांकडून पावकी-निमकी पाठ आहे. पायरीवर बसून तो पोरांना म्हणाला, "भास्कराचार्यांचंच गणित घालतो. भुंग्यांचा थवा. पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रीवर. या दोघांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर. एक भुंगा राहिला, तो मधेच घिरट्या घालतोय. एकूण किती?"

लेकीने वही मागितली. दादाने मूठभर शेंगदाणे पुढे केले. भाचा लगेच दाणे मांडायला लागला: आधी दहा, मग वीस, मग डोकं खाजवत बसला. लेक म्हणाली, "पाचाने पण भाग जायला पाहिजे आणि तिनाने पण. म्हणजे पंधरा घेऊ." तीन दाणे एका पायरीवर, पाच दुसऱ्या पायरीवर. फरक दोन, तिप्पट सहा, ते तिसऱ्या पायरीवर. हातात एक उरला. तिने तो दाणा वर धरून "हा घिरट्यावाला!" असं ओरडायला आणि मागून माकडाने कदंबावरचे तिन्ही भुंगे उचलायला एकच गाठ पडली. पंधरा हे उत्तर त्यामुळे थोडक्यात बचावलं.

परतताना चाळीसगावात केकी मूस यांचं घर पाहिलं. फोटोग्राफीतला हा मोठा माणूस. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून बर्फाळ गाव, वाळवंट उभं करायचा. आयुष्याची कितीतरी वर्षं त्याने या घरातच काढली, बाहेर पडलाच नाही म्हणतात. ३१ डिसेंबर १९८९ ला गेला. प्रेयसी पंजाब मेलने येईन म्हणाली होती, म्हणून रोज रात्री गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचा, अशीही गोष्ट सांगतात. पोरांना गोष्टीपेक्षा फोटोतलं बर्फ कापसाचं असेल की मिठाचं, हा वाद जास्त महत्त्वाचा वाटला. तो पारोळ्यापर्यंत चालला, मग दोघं झोपले.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई ओट्यावरच होती. नातीला जवळ घेतलं, बोटं मोडली, गालावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळली, आमच्या अहिराणीत. "शाळा बुडाईसन लई उनी पोरले?"

मी मेच्या उन्हाचं सांगितलं. दोन टक्क्यांचंही सांगितलं. इंग्लंडचं सांगायला गेले नाही.

आईला चौथीतून काढलं होतं. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. ती हे कधी तक्रारीने सांगत नाही, आजही फक्त एवढंच म्हणाली: "आमले कोनी शाळामा जाऊ दिन्हं नही, आन तू हात धरीसन बाहेर काढस."

जेवताना कोणी फारसं बोललं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, शेवभाजी, कच्चा कांदा. शेवभाजीचा तिखट जाळ लेकीच्या डोळ्यांत उतरला तेव्हा आईने तिच्या वाटीत तुपाची धार धरली आणि जाहीर केलं, "परवा तू मामाना पोऱ्यासंगे आठली शाळामा जाशी." म्हणजे इथल्या शाळेत. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

गुरुवार: शेत आणि भरीत

सकाळी उठायला आठ वाजले. पुण्याच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तोवर जागा झालेला. गच्चीवर एका कोपऱ्यात रेंज येते, तिथे उभी राहिले तर सत्तेचाळीस मेसेज: फळ्याचे फोटो, प्रकल्पाचं साहित्य, "सोमवारी गणिताची घटक चाचणी, कृपया नोंद घ्यावी", त्याखाली अंगठेच अंगठे. एका आईने मला वेगळा मेसेज केला होता: "बरी आहे ना ती?" आजारी नाही, भटकतेय, असं लिहिलं आणि खोडलं. "हो, मजेत" एवढंच पाठवलं.

दिवसभर शेतात. कापसाची शेवटची वेच उरली होती. झाडावर अर्धवट उमललेली बोंडं, कवडीच जास्त. शेजारची दादर डोक्याएवढी झाली होती. पुण्याच्या पोरीला ज्वारी म्हणजे पीठ माहीत. हे उंच, गर्द, सळसळणारं रान बघून ती आत शिरली आणि दोन मिनिटं सापडेना. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारून विचारलं, "सुट्टी शे का, बाई?" दिवसभरात हा प्रश्न तिला पाच जणांनी विचारला. पहिल्या दोघांना तिने "हो" सांगितलं. तिसऱ्यापासून "नाही, अर्ज दिलाय" म्हणायला लागली.

संध्याकाळी मळ्यात भरीत. हे मात्र मला सविस्तर सांगायलाच हवं, कारण पुण्यात गॅसवर एक काळं वांगं भाजून दही घालून जे करतात त्यालाही भरीतच म्हणतात, आणि त्यावर मी लग्नानंतर पंधरा वर्षं गप्प बसलेय.

भरताची वांगी ही वेगळी. हिरवट, पांढरे पट्टे, हातभर लांब वाटावीत अशी, बिया कमी, साल पातळ. यावल तालुक्यातल्या बामणोदची नावाजलेली; दादाने भुसावळच्या बाजाराहून येणाऱ्या मित्राकरवी पोतंभर मागवली होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. भाजायची ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. त्यांचा जाळ भसकन पेटतो आणि तितक्याच लवकर बसतो, त्यामुळे वांगं आतून शिजतं आणि सालीला तो धूर लागतो. बारा माणसांना दहा किलो वांगी. एक जण काड्या सारतोय, एक जण वांगी फिरवतोय, बाकीचे सल्ला देतायत.

भाजलेली वांगी परातीत आली की सगळ्यांनी बसून सोलायची. बोटं पोळतात, पाण्यात बुडवायची, परत सोलायची. पाण्याने धुवायचं नाही, धुराचा वास जातो. लेकीने एक धुतलं आणि तीन काकांनी एकदम हात जोडले. मग लाकडाच्या खोलगट भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटायचा, त्यातच वांगी घालून लाकडी दांड्याने ठेचायची. चमच्याने घोटलं तर लगदा होतो, ठेचलं तर धागा राहतो. वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि तेलाची फोडणी. तेल दिसलं पाहिजे. डॉक्टरांना घाबरणाऱ्यांनी मे महिन्यात यावं.

पुऱ्या, भरीत, कळण्याची भाकरी, ताक. लेकीने पहिला घास घेतला, हा-हू केलं, ताक प्यायली आणि दुसरा घास घेतला. पाचव्या घासाला ती शेकोटीजवळ सरकली. तिचा स्वेटर अजून धुतलेला नाही, तिला तो वास तसाच ठेवायचाय.

शुक्रवार: शाळा

आईचा हुकूम कोणी विसरलं नव्हतं. दादाने आदल्या रात्रीच सरांना फोन केला होता. "येऊ द्या की," सर म्हणाले, "एक पाहुणी असली तर आमची पोरं जरा नीट बसतील."

जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाहेर कडुनिंब, भिंतीवर रंगवलेली बाराखडी आणि महाराष्ट्राचा नकाशा. नकाशातल्या आमच्या जिल्ह्यावर पोरांनी बोट ठेवून ठेवून रंग उडवलेला. मी दारापर्यंत सोडून परतणार होते. सर म्हणाले, बसा. मागच्या भिंतीपाशी खुर्ची मिळाली.

लेक दारातच थबकली. बसकरपट्टीवर रांगा भरलेल्या, मधे एक जागा रिकामी. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या एका मुलीने तिला हाताने खुणावलं. "आठे बस. ती नही शे."

लेक बसली. "तुनं नाव काय शे?" तिने सांगितलं. "तुले शाळा नही का वं?" हा सहावा. तिने उत्तर दिलं नाही.

हजेरी सुरू झाली. नाव, हजर. नाव, हजर. मधेच सरांनी एक नाव घेतलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं घेतलं. थोड्या वेळाने आणखी एक, तसंच. एकोणीस नावांत असं पाच वेळा झालं. मुलांना त्याची इतकी सवय होती की त्या नावांना कोणी मानही वळवत नव्हतं. शेवटी सरांनी माझ्या लेकीचं नाव घेतलं. "प्रेझेंट," ती म्हणाली, आणि वर्ग खो-खो हसला. "हजर," तिने दुरुस्ती केली.

तोंडी गणितं. सर म्हणाले, "एकोणऐंशी वजा सदतीस." भाच्यासकट आठ हात वर. माझी लेक, जिने पाटणादेवीला भास्कराचार्यांचे भुंगे मोजले होते, ती वहीत एकोणनव्वद लिहून बसली. आमची शाळा सेमी-इंग्रजी. गणित इंग्रजीतून, त्यामुळे तिला सेव्हंटी-नाइन कळतं, एकोणऐंशी ऐकलं की ती ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे यातच अडकते. शेजारच्या वेणीवालीने तिच्या वहीत डोकावलं, ८ वर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "सत्तर आन नऊ." लेकीने खोडलं, बेचाळीस लिहिलं.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आणली होती तेव्हा केवढी टिंगल झाली होती. मीही दोन-तीन विनोद पुढे ढकलले होते. 'सत्तर आन नऊ' ऐकताना ते आठवले.

मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी, मटकी घातलेली. मुलं ओट्यावर रांगेत बसली, ताई वाढत गेल्या. लेक घरी खिचडीतून मटकी निवडून बाजूला काढते. इथे ताट चाटून पुसून, सगळ्यांबरोबर हातपंपावर धुवायला गेली. मग लंगडी. पुण्याच्या पोरीला दोन मिनिटांत बाद केलं, मग दया येऊन परत घेतलं.

मी सरांना त्या पाच नावांचं विचारलं.

"ऊसतोड," ते म्हणाले. "दिवाळी झाली की जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. इथून बरेच गुजरातकडे जातात, बारडोलीच्या बाजूला. कारखाना बंद झाला की परत, होळीच्या आगेमागे. कोणी आखाजीला." नाव पटावरून काढत नाही ते. काही मुलांना आजीजवळ ठेवून घेतात, त्यांच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून होते. जी आईबापांबरोबर जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. "पण तिथली शाळा गुजराती," सर म्हणाले. "पोरगी अहिराणी बोलणारी, मराठी कशीबशी वाचायला लागलेली. तिथे बसून काय करणार? मग कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, नाहीतर उसाचं वाढं गोळा करते."

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पाच मुलांच्या वह्या दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. एकीवर निळं कव्हर, त्यावर नाव, इयत्ता चौथी, आणि कोपऱ्यात स्केचपेनने काढलेलं फूल. माझी लेक त्या मुलीच्या जागेवर बसली होती. ती तोवर पंपावरून हात पुसत आत आली होती आणि आमचं बोलणं ऐकत होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तिच्या आईने अर्ज दिला होता का?" तिने विचारलं.

सर हसले नाहीत. "नाही बाळा," म्हणाले, "त्यांना अर्ज लागत नाही." घंटा झाली.

दुपारच्या तासाला मी थांबले नाही.

शनिवार: जळगाव, चांगदेव

भाच्याची शनिवारची सकाळची शाळा, म्हणून तो आला नाही. त्याचा एक दिवस संपला होता. मी, दादा, आई आणि लेक. पहाटे निघालो.

अमळनेरातून जाताना दादाने प्रताप हायस्कूल दाखवलं. साने गुरुजी इथे शिकवायचे, वसतिगृहही सांभाळायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. "म्हणजे सरांनीच शाळा सोडली?" लेक म्हणाली. आई पुढच्या सीटवरून वळली, पण काही बोलली नाही. काल रात्रीपासून तिचा राग उतरला होता. नात शाळेत जाऊन आली, प्रश्न मिटला.

जळगावात बहिणाबाईंचा वाडा. जुन्या गावातल्या बोळात, आत त्यांच्या संसारातल्या वस्तू मांडलेल्या. आई एकेका वस्तूपाशी थांबून तिचं नाव सांगत होती. मी माहितीचे फलक वाचत होते आणि ती फलकांकडे बघतही नव्हती, तिला गरज नव्हती. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्या रचायच्या आणि लिहून घ्यायचं काम मुलगा सोपानदेव करायचा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा आई जात्याचा खुंटा हाताने फिरवून बघत होती. "सैल व्हयना," म्हणाली. खुंटा.

पुढे भुसावळ, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी केळी. एका बागेपाशी कापणी चालली होती म्हणून थांबलो. घड कापणारा एक, खांद्यावर झेलणारा दुसरा. वीस-पंचवीस किलोचा घड, पण लहान बाळ घेतल्यासारखा. ओरखडा पडला की भाव पडतो. केळ एकदाच घड देतं. मग ते खोड संपलं, बुडाशी फुटलेलं पील वाढवायचं, तिची ती पिलबाग. लेकीला कापलेल्या खोडातून टपकणारं पाणी दाखवलं. ते कपड्यांना लागलं की डाग जात नाही, हे तिला सांगेपर्यंत लागलं होतं.

चांगदेवला पोचायला दुपार झाली. तापी आणि पूर्णेचा संगम, काळ्या दगडाचं देऊळ, मागे पाण्याचा प्रचंड पसारा. बोटवाले हाका मारत होते. आम्ही घाटाच्या पायरीवर डबा सोडला आणि गोष्ट आईने सांगितली, तिच्या पद्धतीने. चौदाशे वर्षं जगलेले योगी चांगदेव, पाटण्याचे ज्योतिषी ते वेगळे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, पण मायना काय लिहावा कळेना: वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार. शेवटी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाई तेव्हा लहान पोर. कागद बघून म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. मग त्या पोरीलाच चांगदेवांनी गुरू केलं.

"तिला किती वर्षं होती?"

"तुझ्याएवढी धर."

लेक पुरी खात विचार करत राहिली. मायना अडल्यावर काय होतं ते मला मंगळवारीच कळलं होतं, मी काही बोलले नाही.

कोथळीला मुक्ताईचं दर्शन घेऊन परत फिरलो. भुसावळ ओलांडून एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. आमच्या वहिनीसारखी नव्हती, एवढंच लिहिते.

रविवार: परत

बांधाबांध. वहिनीने बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा, कळण्याचं पीठ, लाल मिरचीची पिशवी आणि उरलेली आठ वांगी भरली. मी वांगी काढली, तिने परत ठेवली, मी परत काढली, आणि पुण्यात पिशवी उघडली तेव्हा ती आत होती. संध्याकाळी वेणीवाली मुलगी निरोपाला आली. तिने लेकीला हरभऱ्याचा टहाळा दिला. लेकीने तिला आपलं कंपासपेटीतलं गोल खोडरबर दिलं, आणि जरा थांबून दुसरं, चौकोनी. "हे तिला दे. आली की." कुठल्या तिला, ते दोघींनाही ठाऊक होतं.

रात्रीची स्लीपर बस. खिडकीला फट, गुडघ्यावर चादर. लेक एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी असं पुटपुटत झोपली.

सोमवार

घटक चाचणी झाली. वर्गातल्या मैत्रिणीच्या चार वह्या उतरवायला आणल्या आहेत, त्यातली एक मी उतरवून देतेय, कारण चूक शेवटी कुणाची?

डायरीच्या मागच्या पानावर तक्ता असतो: दिनांक, गैरहजेरीचे कारण, पालकांची सही. कारणाची चौकट बोटभर. मी लिहायला घेतलं तर लेकीने डायरी ओढून घेतली आणि स्वतः लिहिलं, "मामाच्या गावाला गेले होते. पण शुक्रवारी हजर होते." मॅडमनी 'शुक्रवारी हजर' खाली लाल रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय आणि पालकांची सही मागितलीय.

सही केली.